डोळे कुठे, लक्ष कुठे
(वाचकांचे प्रश्न)

गेल्या अंकात मी आमच्या प्रयोगशाळेतल्या नजर टिपणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल लिहिलं होतं. बुबुळावर अवरक्त प्रकाश टाकून तो सेकंदाला हजार वेळा डोळ्याची जागा नोंदवतो, एवढीच माहिती दिली होती. त्यावर आलेली पत्रं पाहता वाचकांना कॅमेऱ्यापेक्षा तो चालवणारीलाच धारेवर धरायचं आहे असं दिसतं. हरकत नाही. पाच पत्रं घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

*

ताई, माझी नऊ वर्षांची मुलगी आरशासमोर उभी राहून एकदा डाव्या डोळ्याकडे, एकदा उजव्या डोळ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "माझे डोळे हलतच नाहीत!" मी करून पाहिलं, मलाही माझे हलताना दिसले नाहीत. तिचे मात्र स्पष्ट हलताना दिसतात. हा काय प्रकार?

मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. रेमंड डॉज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०० साली नेमकं हेच निरीक्षण मांडलं होतं.

एका जागेवरून दुसरीकडे बघताना डोळा सरकत नाही, उडी मारतो. या उडीला आम्ही सॅकाड म्हणतो. मोठ्या उडीत डोळ्याचा वेग सेकंदाला काहीशे अंशांपर्यंत जातो आणि तेवढ्या वेळात दृष्टिपटलावरचं चित्र अक्षरशः फरफटतं. ते फरफटणं जाणवत नाही, कारण उडीच्या किंचित आधीपासूनच मेंदू हालचालीबद्दलची आपली संवेदनशीलता कमी करतो. शिवाय उडीच्या आधीचं आणि नंतरचं स्वच्छ चित्र मधल्या धूसर चित्राला झाकून टाकतं. आपण जागेपणी सेकंदाला साधारण तीन उड्या मारतो आणि यातली एकही आपल्याला दिसत नाही.

आता तिला मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून हाच खेळ करायला सांगा. तिथे डोळे हलताना दिसतील. मोबाइलचं चित्र जरा मागून येतं, तोवर डोळा उडी संपवून स्थिरावलेला असतो. मग सेकंदकाट्याच्या घड्याळाकडे झटकन बघायला सांगा. पहिला सेकंद उगाच लांबल्यासारखा वाटेल. किएलन यारो आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याचा रीतसर अभ्यास केला. उडीत गेलेला वेळ मेंदू नंतरच्या दृश्याच्या खात्यात जमा करतो, असा त्यांचा निष्कर्ष. शेवटी मोकळ्या भिंतीवरून नजर संथपणे सरकवत न्यायला सांगा. जमणार नाही, उड्याच पडतील. तिच्यासमोर बोट फिरवलंत की लगेच जमेल. संथ पाठलागासाठी डोळ्याला पाठलाग करण्याजोगं काहीतरी लागतंच.

*

मी निवृत्त गृहस्थ आहे, वाचनाचा नाद आहे. अलीकडे असं होतं की पानाच्या तळाशी आल्यावर कळतं, डोक्यात एक अक्षर शिरलेलं नाही. डोळे तर प्रत्येक ओळीवरून फिरले होते, याची मला खात्री आहे. मग वाचत कोण होतं? ता.क. नातू वेगवाचनाच्या वर्गाला जातो. तिथे शिकवतात की सराव केला तर एका नजरेत अख्खी ओळ टिपता येते. खरं आहे का?

"अलीकडे" या शब्दामागची काळजी कळली. हे वयामुळे नाही. ज्यांच्यावर याचा सर्वांत नावाजलेला प्रयोग झाला ते कॉलेजचे विद्यार्थी होते.

आधी डोळे वाचताना काय करतात ते बघू. सर्वांत जास्त मोजमाप इंग्रजी वाचकांवर झालं आहे, तेव्हा आकडे तिथले घ्या. डोळा एका जागी साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबतो आणि मग सात ते नऊ अक्षरं पुढे उडी मारतो. उडीला २० ते ३५ मिलिसेकंद लागतात. शंभरातल्या दहा-पंधरा उड्या उलट, मागे जातात. वाचन म्हणून जे काही होतं ते थांब्यांत होतं, उडीत काहीच हाती लागत नाही. थांबा किती लांबवायचा हे मुख्यतः शब्दावर ठरतं. शब्द रोजच्या भेटीचा असला तर डोळा लवकर निघतो, लांबलचक किंवा क्वचित भेटणारा असला तर रेंगाळतो. आमच्यासारख्यांची उपजीविका याच रेंगाळण्यावर चालते, कारण डोक्यातलं काम बाहेरून मोजायला मिळण्याच्या जागा फार थोड्या आहेत.

आता तुमचं न वाचलेलं पान. राइकल, राइनबर्ग आणि स्कूलर यांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार विद्यार्थ्यांनी नजर टिपणाऱ्या यंत्रासमोर बसून एक अख्खी जुनी इंग्रजी कादंबरी वाचली. मन भरकटल्याचं लक्षात आलं की त्यांनी एक कळ दाबायची. शिवाय अधूनमधून यंत्रच त्यांना हटकायचं, आत्ता लक्ष होतं का? चारच माणसं म्हणून नाक मुरडू नका. प्रत्येकाने कित्येक तास वाचलं, त्यामुळे नोंदींचा ढीग जमला होता. त्यात दिसलं ते असं: मन भरकटलेलं असताना डोळे ओळीवरून पुढे जात राहिले, पण थांबे लांबले, आणि शब्द ओळखीचा की दुर्मिळ याचा थांब्यावर एरवी जो परिणाम होतो तो ओसरला. रोजच्या शब्दाला आणि बोजड शब्दाला डोळा जवळजवळ एकाच मापाने वागवू लागला.

म्हणजे तुमचे डोळे ओळीवर होते ही तुमची खात्री शंभर टक्के खरी. फक्त त्यांना हुकूम देणारा जागेवर नव्हता. त्यातही तुम्हाला ते कळलं पानाच्या तळाशी. यंत्राच्या हटकण्याने सापडलेली पुष्कळशी भरकट अशी होती की तोवर वाचणाऱ्याला स्वतःला तिचा पत्ताच नव्हता. उपाय म्हणाल तर पान पुन्हा वाचा, दुसरा मला माहीत नाही. शाळेत नापास होण्याइतकं हे मोठं पाप नाही.

ता.क.चं उत्तर मात्र सविस्तर देते, कारण नातवाच्या वर्गाची फी कोणीतरी भरत असणार.

दृष्टिपटलाचा जो भाग बारीक तपशील ओळखतो तो मधोमध आहे आणि त्याची व्याप्ती जेमतेम दोन अंश. हात लांब करून अंगठा धरलात तर नखाने जेवढी जागा व्यापते, अंदाजे तेवढीच. त्याच्या बाहेर अक्षरं भराभर अस्पष्ट होत जातात. सराव केल्याने डोळ्याच्या पेशी वाढत नाहीत.

मग एका थांब्यात खरोखर किती उपयोगी पडतं? जॉर्ज मॅकॉन्की आणि कीथ रेनर यांनी १९७५ मध्ये त्यासाठी एक सुंदर युक्ती काढली. नजर जिथे असेल तिथली थोडी अक्षरं खरी ठेवायची आणि आजूबाजूचा मजकूर निरर्थक अक्षरांनी बदलून टाकायचा. नजर हलली की खऱ्या अक्षरांची ही खिडकीही तिच्यासोबत हलते. खिडकी लहान करत गेलं की कुठल्या मापाला वाचन अडखळतं ते बघायचं. या पद्धतीने पुढे जे माप निघालं ते असं: इंग्रजी वाचणाऱ्याला डावीकडची तीन-चार आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरं पुरतात. खिडकी त्याहून मोठी केली तरी वेग वाढत नाही. त्या चौदा-पंधरांतलीही टोकाची अक्षरं ओळखू येत नाहीत, तिथून फक्त पुढचा शब्द किती लांब आहे एवढं कळतं.

डावी-उजवीकडचा हा फरक बघा. डोळ्याची रचना काही एका बाजूला झुकलेली नाही. १९८१ मध्ये पोलात्सेक, रेनर आणि सहकाऱ्यांनी हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही वाचणारे इस्रायली वाचक घेतले. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते. हिब्रू वाचताना त्यांची खिडकी डावीकडे झुकली, इंग्रजी वाचताना त्याच माणसांची उजवीकडे. ही करणी लक्षाची आहे. डोळा एका शब्दावर असतो आणि लक्ष पुढच्या शब्दाची चाचपणी करून आलेलं असतं. मला स्वतःला या सगळ्या क्षेत्रातला हा सर्वांत देखणा निकाल वाटतो.

तेव्हा एका नजरेत अख्खी ओळ हे होणे नाही. रेनर २०१५ मध्ये वारले. वेगवाचनाच्या दाव्यांचा त्यांनी सहकाऱ्यांबरोबर घेतलेला सविस्तर आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं सार असं की वेग खूप वाढवला की समज घटते. वरवर चाळणं हे कौशल्य उपयोगाचं आहे, नातवाने जरूर शिकावं, पण त्याला चाळणंच म्हणावं. वाचनाचा वेग खऱ्या अर्थाने वाढतो तो शब्दसंपत्ती वाढल्याने, आणि ती तुमच्या कपाटातून फुकट मिळेल.

*

हे गाडी चालवताना कानात यंत्र घालून फोनवर बोलतात. मी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं: "माझे हात चाकावर आहेत, डोळे रस्त्यावर आहेत, अजून काय हवं?" वर म्हणतात, तुझ्याशी बोलतो तेव्हा नाही ते भय वाटत! मला पटत नाही, पण मुद्दा खोडता येत नाही. काय सांगू?

त्यांच्या वाक्यातली एकही गोष्ट खोटी नाही, म्हणूनच ती खोडता येत नाही. डोळे रस्त्यावर असतात. प्रश्न आहे त्यांच्याबरोबर आणखी कोण असतं याचा.

नजर न हलवता लक्ष हलवता येतं हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच स्वतःवर करून पाहिलं होतं. अंधाऱ्या पेटीत अक्षरांचा कागद, समोर नजर रोखायला एक बारीक प्रकाशबिंदू, आणि क्षणभराची ठिणगी. नजर बिंदूवरच ठेवून कागदाच्या कुठल्या भागाकडे लक्ष द्यायचं हे तो आधी ठरवायचा, आणि ठिणगी पडली की त्याच भागातली अक्षरं त्याला वाचता यायची. ठिणगी इतकी क्षणिक की डोळा हलायला वेळच नाही. मायकेल पोस्नरने १९८० च्या सुमारास हेच संगणकापुढे मोजमापात आणलं. नजर मध्यभागी, बाण एका बाजूला, आणि त्या बाजूला दिवा लागला तर माणूस लवकर कळ दाबतो, विरुद्ध बाजूला लागला तर उशिरा. एरवी डोळा आणि लक्ष एकत्रच फिरतात, किंबहुना लक्ष आधी पोचतं आणि डोळा मागून. पण जोडी फुटू शकते.

ती फुटली की काय होतं, याचं मला सर्वांत अस्वस्थ करणारं उदाहरण रस्त्यावरचं नाही, क्ष-किरणतज्ज्ञांचं आहे. ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा वो आणि जेरेमी वुल्फ यांनी २०१३ मध्ये २४ अनुभवी तज्ज्ञांना फुप्फुसांचे स्कॅन दिले. काम नेहमीचंच, गाठी शोधायच्या. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचं एक छोटं चित्र घुसवलं होतं. छोटं म्हणजे नेहमीच्या गाठीच्या ४८ पट. चोवीसपैकी वीस जणांना गोरिला दिसला नाही. नजरेची नोंद काढली तर त्या विसांतल्या बारा जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. हे लोक आळशी नव्हते. ते गाठ शोधत होते, आणि गोरिला गाठीसारखा दिसत नाही.

आता गाडी. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी लोकांना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरमध्ये बसवलं. काहींना हात मोकळे ठेवून फोनवर बोलायला लावलं आणि वाटेत जाहिरातींचे फलक ठेवले. नंतर अचानक विचारलं, यातले कुठले फलक पाहिले होते? त्यांचा निकाल २००३ मध्ये छापून आला. ज्या फलकांवर नजर रोखली गेल्याची यंत्रात नोंद होती, तेसुद्धा फोनवर बोलणाऱ्यांना कमी ओळखता आले. हात मोकळे होते आणि डोळे बाहेर होते, म्हणजे तुमच्या यजमानांच्या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या.

तुमच्याशी बोलण्याचा मुद्दा राहिला. तोही तपासलेला आहे. ड्रूज, पासुपती आणि स्ट्रेयर यांनी २००८ मध्ये शेजारी बसलेल्या माणसाशी गप्पा आणि फोनवरच्या गप्पा यांची तुलना केली. शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. वाहतूक वाढली की त्याचं बोलणं बदलतं, कधी तो गाडीबद्दलच बोलायला लागतो. फोनपलीकडच्या माणसाला समोर काय आहे हे कळायचा मार्ग नाही, तो आपला बोलतच राहतो. तेव्हा यजमानांना म्हणावं, माझ्याशी बोलण्यात भय कमी आहे हे खरंच आहे, आणि त्याचं श्रेय माझं आहे.

*

मॅडम, मी चौदा वर्षांचा आहे. क्रिकेट खेळतो. आमचे सर सारखं ओरडतात, "चेंडूवरून नजर हटवू नकोस!" मी खूप प्रयत्न करतो पण वेगवान चेंडू मध्येच कुठेतरी हरवतो. मोठे खेळाडू सतत चेंडू कसा बघतात?

नाही बघत.

मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिओड यांनी २००० साली तीन फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरे बसवून त्यांना चेंडू फेकणाऱ्या यंत्रासमोर उभं केलं. तिघांची पातळी वेगवेगळी, एक व्यावसायिक आणि दोघे हौशी. चेंडू सुटताना तिघंही तिकडे बघत होते. मग त्यांची नजर चेंडूला मागे टाकून, तो जिथे टप्पा घेणार तिथे उडी मारून आधीच जाऊन थांबली. टप्पा पडल्यावर थोडा वेळ पुन्हा पाठलाग, आणि तेवढ्यावर फटका. तिघांत सर्वांत कच्चा जो होता, त्याचीही नजर उडी मारत होती, पण उशिरा. चांगल्या फलंदाजाची नजर लवकर निघाली. पुढे २०१३ मध्ये डेव्हिड मान आणि सहकाऱ्यांनी जागतिक दर्जाचे दोन फलंदाज तपासले. ते डोकं चेंडूच्या रोखाने फिरवत ठेवत होते आणि नजर मात्र दोनदा पुढे टाकत होते, एकदा टप्प्यावर, एकदा बॅटशी चेंडू येणार त्या जागी.

तेव्हा चेंडू मध्येच हरवतो यात तुझं काही चुकत नाही. डोळ्याच्या संथ पाठलागाला वेगाची मर्यादा आहे आणि जवळ येणारा वेगवान चेंडू ती ओलांडतो. तू गोलंदाजाचा हात आणि चेंडू सुटतानाचा क्षण नीट बघ. टप्प्याचा अंदाज तिथूनच येतो, आणि तो लवकर येणं हे सरावाचं काम. सरांना हे पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव. माझा सल्ला, नको. ते "नजर" म्हणतात तेव्हा त्यांना लक्ष म्हणायचं असतं, आणि लक्षाच्या बाबतीत त्यांचं बरोबरच आहे.

*

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरून ऑनलाइन परीक्षा दिली. सॉफ्टवेअरने माझ्या नावापुढे "नजर वारंवार पडद्याबाहेर" असा शेरा मारला आणि आता चौकशी आहे. मी विचार करताना वर बघते, लहानपणापासूनची सवय आहे. एक मैत्रीण म्हणाली, वर उजवीकडे बघणारा खोटं बोलत असतो असं मानसशास्त्रात आहे. ताई, हे खरं असेल तर माझं काही खरं नाही.

मैत्रिणीचं आधी निकालात काढते. हा दावा मानसशास्त्रातला नाही, त्याच्या आसपास फिरणाऱ्या प्रशिक्षणवर्गांतला आहे. रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तो तपासला. खोटं बोलणं आणि डोळ्यांची दिशा यांचा संबंध सापडला नाही.

विचार करताना नजर वळवणं मात्र चांगलं अभ्यासलेलं आहे. आर्थर ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की प्रश्न जसजसा अवघड होतो तसतसे लोक जास्त वेळा नजर दुसरीकडे वळवतात, आणि मध्यम अवघड प्रश्नांना डोळे मिटून उत्तर दिलं तर आठवणं सुधारतं. ग्वेनेथ डोहर्टी-स्नेडन आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांमध्ये हेच पाहिलं. पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर वळवायला शिकवलं, तर त्यांची उत्तरं सुधारली. समोरचं दृश्य, विशेषतः समोरचा चेहरा, लक्षातला वाटा मागतो. नजर वळवली की तो वाटा वाचतो. तुम्ही वर बघत होता ते उत्तर शोधण्यासाठीच, फक्त ते छतावर लिहिलेलं नव्हतं.

यंत्राचा अंदाज चुकण्याचाही भाग आहे. आमच्याकडे माणूस हनुवटी टेकवून बसतो, यंत्र त्याच्या डोळ्यांशी जुळवून घेता यावं म्हणून पडद्यावरचे नऊ ठिपके एकेक करून बघतो, पापण्यांना काजळ असेल तर आम्ही पुसायला सांगतो, चष्म्यावर चमक आली तर दिवे हलवतो. एवढं करून चूक साधारण अर्ध्या अंशापर्यंत खाली येते. लॅपटॉपवरच्या साध्या कॅमेऱ्यात, खिडकीच्या उजेडात, मान हलती असताना ती कित्येक अंशांची होते. नजर पडद्याच्या वरच्या कडेवर आहे की कडेच्या जरा बाहेर, हे तिथे खात्रीने सांगता येत नाही. आणि ते सांगता आलं, तरी त्या वेळी तुम्ही काय करत होता हे कळत नाहीच. तीस वर्षं हे यंत्र वापरून मी एवढं नक्की सांगू शकते.

चौकशीत तीन गोष्टी लेखी मागा. शेरा ज्या क्षणांवर मारला ते चित्रीकरण, प्रत्येक वेळी नजर किती सेकंद बाहेर होती त्याची नोंद, आणि परीक्षेआधी तुमच्या डोळ्यांसाठी यंत्र जुळवून घेतलं होतं का याचं उत्तर. मग त्या क्षणी पडद्यावर कुठला प्रश्न होता ते पडताळून बघा. अवघड प्रश्नांवर नजर वर आणि सोप्यांवर समोर, असा मेळ दिसला तर तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे. वर ग्लेनबर्ग यांचं नाव आणि साल दिलं आहे, ते अर्जात घाला.